लोणारचं तळं वर आलं, मग पाऊस वाढला का?

"ताई, लोणारचं तळं भरायलंय म्हणं. कमळजादेवीच्या देवळात पाणी शिरलं. मग पाऊस वाढलाच की! अन् तुमच्या बैठकीत तर पाऊस बिघडला, पाऊस बिघडला, हेच चालू असतंय."

२०२५ च्या दिवाळीनंतर तळणीच्या फाट्यावर एका काकांनी हा प्रश्न टाकला, तेव्हा माझ्या हातात चहाचा ग्लास होता आणि उत्तर तयार नव्हतं. मराठवाड्यातल्या मंठा तालुक्यातल्या काही गावांत आमचा एक छोटा गट पावसाच्या आणि विहिरींच्या पाण्याच्या नोंदी ठेवतो. लोणार सरकारी कागदावर बुलढाणा जिल्ह्यात, म्हणजे विदर्भात. पण आमच्या बाजूला लोणार परकं नाही. लेकी तिकडे दिलेल्या, बाजार तिकडचा, नवरात्रात देवीला जाणंही तिकडेच. त्यामुळे तळं वर आलं की बातमी आमच्याकडे पेपराआधी पोचते.

काकांचं सोयाबीन सप्टेंबरच्या पावसात गेलं होतं. कापणीला आलेल्या शेंगांना झाडावरच मोड फुटले. म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याच्या रानात पाणी साचून पीक गेलेलं, शेजारी लोणारच्या उल्केनं पडलेल्या विवरात पाणी चढलेलं, आणि आमच्यासारखी माणसं मात्र दुष्काळाच्या गोष्टी सांगत फिरणारी. काका चिडले असतील तर त्यांचा दोष नव्हता. त्यांच्या प्रश्नाचा आम्ही पुढचे दोन महिने पाठपुरावा केला, त्याचीच ही हकीकत.

पाण्याला वाट नसणं

पहिली गोष्ट, काकांचा तर्क चुकीचा नव्हता. आपल्याकडच्या बाकी सगळ्या पाण्याला वाट आहे. शिवारातला ओढा पूर्णेला, पूर्णा गोदावरीला, गोदावरी बंगालच्या उपसागराला. अशा उघड्या खोऱ्यात धरण भरलं, तर ते कुणाच्या पावसानं भरलं हे आधी विचारावं लागतं. २०१९ चा ऑगस्ट आठवा. नाशिक-नगरच्या घाटमाथ्यावर धो धो कोसळला, जायकवाडीत पाणी येत राहिलं, आणि त्याच आठवड्यांत मराठवाड्यातले कितीतरी तालुके कोरड्या आभाळाकडे बघत होते. जायकवाडीची टक्केवारी रोज वाचणारे आपण खरं तर दुसऱ्याच्या अंगणातला पाऊस वाचत असतो.

लोणारचं तसं नाही. विवराच्या काठाच्या आत पडलेला थेंब एकदा खाली उतरला की त्याला बाहेर पडायला ओढा नाही, नदी नाही. तो परत जाणार तो वाफ होऊनच. ज्या खोऱ्यातलं पाणी समुद्राला पोचत नाही ते बंद खोरं. कॅस्पियन, अरल, आफ्रिकेतलं चाड, राजस्थानातलं सांभर, लडाखचं पँगाँग ही सगळी त्याच कुळातली. लोणार हे त्या घरातलं शेंडेफळ. पाणी उडतं, क्षार मागे राहतात, म्हणून ही तळी खारी. लोणारचे क्षार लोक पूर्वी गोळा करून विकत. दल्ला, पापडी, भुसकी अशी त्यांची प्रतवारीसुद्धा होती. काच आणि साबण बनवायला लागणारी द्रव्यं इथं मिळतात, ही नोंद अकबराच्या काळातल्या 'ऐन-ए-अकबरी'त आहे.

काका ऐकून म्हणाले, "म्हणजे तळं हाच पर्जन्यमापक झाला की." जवळपास बरोबर. त्या 'जवळपास'मध्ये किती मोठ्या चुका होतात, त्याचं उत्तम उदाहरण रशियाच्या दक्षिणेला आहे.

कॅस्पियन समुद्राची पातळी १९२९ पासून घसरत गेली. १९७७ पर्यंत ती सुमारे ३ मीटरनं खाली आली. या समुद्राला चार-पंचमांश पाणी एकटी व्होल्गा देते, आणि तिच्यावर धरणं झाली होती. सगळ्यांची खात्री पटली की समुद्र आता संपणार. तेव्हा सोव्हिएत अभियंत्यांनी एक उपाय काढला. कॅस्पियनच्या पूर्वेला काराबोगाझ-गोल नावाची उथळ खाडी आहे. तिच्यात समुद्राचं पाणी जातं आणि उन्हात उडून जातं. तिचं तोंड बांध घालून बंद करायचं, म्हणजे तेवढं पाणी वाचेल. बांध १९८० मध्ये पुरा झाला. गंमत अशी, की समुद्र १९७८ पासूनच चढायला लागला होता. १९९५ पर्यंत तो जवळपास अडीच मीटर वर आला, किनाऱ्यावरची गावं पाण्याखाली जायला लागली, आणि खाडी मात्र वाळून मिठाचं वाळवंट झाली. १९९२ मध्ये तो बांध तोडावा लागला. त्यानंतर कॅस्पियन पुन्हा घसरायला लागला आहे, ते वेगळंच.

पन्नास वर्षांची घसरण डोळ्यांसमोर असताना ती थांबून उलटेल असं कुणाला वाटणार? मला त्या अभियंत्यांची कीवच येते. पण फाट्यावरचा 'तळं भरलं, पाऊस वाढला' हा निष्कर्ष आणि त्यांचा 'समुद्र आटला, आता आटतच जाणार' हा निष्कर्ष यांच्यात फरक फक्त आकाराचा आहे.

कढईतला हिशेब

आम्ही मग तळ्याचा जमाखर्च मांडायला बसलो. गटातल्या एका मुलीनं शाळेच्या फळ्यावर मोठं वर्तुळ काढलं, त्यात लहान वर्तुळ. मोठं म्हणजे विवराचा काठ, व्यास साधारण १.८ किलोमीटर. लहान म्हणजे पाणी, व्यास साधारण १.२ किलोमीटर. म्हणजे काठाच्या आतलं एकूण क्षेत्र सुमारे २.५ चौरस किलोमीटर, त्यातलं १.१ पाणी आणि उरलेलं १.४ उताराचं जंगल.

आता जमा. वर्षाचा पाऊस ७०० मिलीमीटर धरू. तो थेट पाण्यावर पडला की पातळी ७० सेंटिमीटर वर. उतारावर पडलेल्यातला चौथा हिस्सा वाहून तळ्यात येतो असं धरू. बाकीचा माती आणि झाडं पितात. तो पसरला की आणखी साधारण २२ सेंटिमीटर. एकूण जमा ९२.

खर्च. या पट्ट्यात उघड्या पाण्यावरून वर्षाला पावसाच्या दुपटीहून जास्त पाणी उडू शकतं. खारं पाणी गोड्यापेक्षा जरा सावकाश उडतं, म्हणून हात आखडता घेऊन १६० सेंटिमीटर धरू.

१६० उणे ९२. दरवर्षी ६८ सेंटिमीटरची तूट. हिशेब खरा असता तर तळं काही वर्षांत कोरडं पडायला हवं होतं. पण ते हजारो वर्षं तिथं आहे. तूट कोण भरतं?

उत्तर ज्यानं विवर पायी उतरलंय त्याला ठाऊक आहे. धार. काठाच्या ईशान्येला गोमुखातून बारमाही पडणारं गोडं पाणी. शिवाय सीतान्हाणी, रामगया हे झरे. आणि खडकाच्या फटींतून दिसत नसलेला पाझर. आमच्या हिशेबातली ६८ सेंटिमीटर तूट म्हणजे वर्षाला सुमारे ७५ कोटी लिटर पाणी. ते पाणी विवराच्या आत पडलेलं नाहीच. ते काठाच्या बाहेर, पठारावर, लोणारच्या आणि आसपासच्या गावांच्या शिवारात पडलं, बेसॉल्टच्या थरांत मुरलं आणि महिन्यांनी, कधी वर्षांनी, विवराच्या भिंतीतून बाहेर आलं.

धरलेले आकडे थोडे इकडे-तिकडे केले तरी तूट राहतेच. आम्ही चार वेळा करून पाहिलं. म्हणजे वरून बंद दिसणारं हे खोरं खालून उघडं आहे. तळ्याची पातळी यंदाचा पाऊस सांगत नाही. ती यंदाचा पाऊस, मागच्या दोन-चार सालांचं भूजल, पठारावरच्या बोअरनी मधल्या मध्ये किती उपसलं ते, गावचं सांडपाणी किती आत आलं ते, आणि उन्हानं किती नेलं ते, या सगळ्याची गोळाबेरीज एका रेघेत सांगते.

त्यात एक फसवं गणित लपलेलं आहे. पाऊस १० टक्क्यांनी कमी झाला, तर आमच्या हिशेबात जमेत थेट ९ सेंटिमीटर घट येते. आणि पाऊस तेवढाच राहून बाष्पीभवन नुसतं ५ टक्क्यांनी वाढलं, तर खर्चात ८ सेंटिमीटरची वाढ. काठावर उभं राहून पाण्याकडे बघणाऱ्याला या दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. चाड सरोवराबद्दल, अरलबद्दल सगळे वाद इथंच अडकतात. अरलचं उत्तर तरी उघड होतं. अमू आणि सीर या दोन्ही नद्या १९६० नंतर कापसाकडे वळवल्या, पावसाला दोष देण्याचं कारणच नव्हतं. चाडचं तसं नाही. तिथं १९६३ मध्ये सुमारे २५,००० चौरस किलोमीटर पाणी होतं, ते १९८० च्या दशकात २,००० च्याही खाली गेलं. तिथं साहेलचा, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या पट्ट्याचा दुष्काळ, वाफ आणि उपसा तिन्ही आहेत. शिवाय चाड परातीसारखं आहे, थोडं पाणी घटलं की काठ मैलोगणती मागे सरकतो. लोणार कढईसारखं. तिथं क्षेत्र फारसं बदलत नाही, पातळीच वर-खाली होते. परातीतलं पाणी बघणाऱ्याला घट आहे त्याहून मोठी वाटते, कढईतलं बघणाऱ्याला चढ.

गुलाबी जून

२०२० च्या जूनमध्ये हेच तळं गुलाबी झालं होतं. सगळ्या देशानं फोटो पाहिले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले. क्षार वाढल्यावर फोफावणारे, रंगद्रव्य तयार करणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव हे कारण निघालं. पाणी घटलं, खारटपणा वाढला, रंग चढला. त्याच वर्षी लोणार रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं.

मला त्या घटनेतली एक गोष्ट रंगाहून जास्त खटकत होती. त्याच्या आधीचा परतीचा पाऊस, म्हणजे २०१९ चा ऑक्टोबर, आमच्याकडे बेफाम झाला होता. कपाशीच्या बोंडांत कोंब आले होते. इतका पाऊस पडून आठ महिन्यांनी तळं उतरलेलं कसं? कढईच्या हिशेबानं ते उलगडतं. २०१८ चा दुष्काळ भूजलात उतरला होता. शेवटच्या महिन्याचा पाऊस आधी कोरड्या मातीनं आणि रिकाम्या विहिरींनी प्यायला, झऱ्यांपर्यंत तो पुरता पोचलाच नाही. मग २०२०, २०२१, २०२२ असे एकामागून एक चांगले पावसाळे आले. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, तरी खडकात साठा होता. २०२४ बरं गेलं, २०२५ जास्तच. तळ्यानं दर साली मागची थकबाकी वसूल केली. हा माझा अर्थ आहे, पण आमच्या विहिरींच्या वहीतही क्रम असाच दिसतो. पाऊस पडल्याच्या साली विहीर अर्धी, पुढच्या साली पुरी.

यावरून एक तांत्रिक इशारा, कारण हल्ली कॉलेजची मुलं सरोवराची उपग्रहचित्रं घेऊन लगेच कल, म्हणजे सलग वाढ किंवा घट, शोधायला बसतात. तळ्याच्या पातळीला स्मृती असते. यंदाच्या पातळीत मागच्या सालची पातळी मिसळलेली असते. अशा आकड्यांवर नेहमीची कलचाचणी लावली तर कल नसतानाही ती सहज 'कल आहे' म्हणून बसते. ती प्रत्येक वर्ष स्वतंत्र आहे असं धरून चालते. पाऊस बऱ्याच अंशी स्वतंत्र असतो. तळं कधीच नसतं.

गाळातली वही

तळ्याचा खरा उपयोग वर्षा-दोन वर्षांच्या गोष्टीला नाही. तो हजारो वर्षांच्या गोष्टीला आहे, आणि तिथं लोणारच्या तोडीचा पुरावा आपल्या भागात दुसरा नाही.

लोणारच्या तळातून संशोधकांनी सुमारे १० मीटर लांबीचा गाळाचा गाभा काढला. त्यात जवळपास ११,००० वर्षांची कहाणी थरावर थर साचलेली आहे. २०१४ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. थरांमध्ये काही ठिकाणी गेलुसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक सापडले. सोडियम आणि कॅल्शियमचं हे कार्बोनेट. तळं आटून पाणी कमालीचं खारं झालं की ते जमतं, गोडं पाणी भरपूर असलं की जमत नाही. स्फटिक ज्या थरांत आहेत तो काळ दीर्घ अवर्षणाचा. असे दोन काळ ठळक निघाले: एक साधारण ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. हिंदी-प्रशांत महासागरातल्या उष्ण पाण्याच्या पट्ट्याशी त्याचा संबंध संशोधकांनी जोडला आहे.

दुसऱ्या काळावर मी बराच वेळ थांबले. २,००० ते ६०० वर्षांपूर्वी म्हणजे पैठणच्या सातवाहनांच्या उत्तरार्धापासून देवगिरीच्या यादवांपर्यंत आणि थोडं पुढे. ज्या शतकांत या भूमीवर वेरूळ कोरलं गेलं, हेमाडपंती देवळं उभी राहिली, तीच शतकं तळ्याच्या गाळात कोरडी आहेत. 'दुष्काळ म्हणजे ऱ्हास' हे सरळ समीकरण मग मांडता येत नाही. सरासरीनं कोरडी असलेली शतकंसुद्धा माणसांनी विहिरी, बारवा, तळी बांधून निभावली असणार.

आणि एक तर्क. तो कुठल्या संशोधकाचा नाही, माझा आहे, चुकला तर माझ्या माथी. विवराच्या तळाशी काठानं जुनी देवळं आहेत. ती बांधणाऱ्यांनी पाण्याच्या इतक्या जवळ का बांधली असतील, हा प्रश्न देवळात पाणी शिरलं की दर वेळी निघतो. गाळ खरं सांगत असेल तर त्यांनी ती पाण्याजवळ बांधलीच नव्हती. त्यांच्या पिढ्यांना तळं लहानच माहीत होतं. पाणी तेव्हा बरंच आत असेल. त्यांनी त्यांच्या काळाचा काठ हाच कायमचा काठ धरला. आज आपण विवराच्या आत कुठं रस्ता, कुठं ओटा, कुठं कुंपण करतो, तेव्हा आपल्या आठवणीतला काठ तेवढाच कायमचा धरतो.

मंडळाची वही

आता मूळ मुद्दा: मराठवाड्याचा पाऊस घटतोय की वाढतोय?

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं देशभरातल्या ३०६ पर्जन्यमापकांवरून १८७१ पासूनची मालिका तयार केलेली आहे, त्यात मराठवाडा हा स्वतंत्र उपविभाग आहे. हवामान विभागाचे गुहाठाकुरता आणि राजीवन यांनी १९०१ ते २००३ चा पाऊस उपविभागवार तपासला. मोसमी पावसात ठळक घट निघाली ती झारखंड, छत्तीसगड आणि केरळ या तीन उपविभागांत. ठळक वाढ आठ उपविभागांत, त्यात कोकण-गोवा आणि मध्य महाराष्ट्र. मराठवाडा दोन्ही यादींत नाही. शंभर वर्षांच्या एकूण पावसाला ठाम दिशा नाही, इतकंच त्याचं म्हणणं.

पण मधला तुकडा हवा तसा कापला की दिशा हवी तशी निघते. १९८८ आणि १९९० ही ओली सालं. तिथून सुरुवात करून २०१५ ला थांबा, आलेख उतरताच. २०१४ मध्ये मराठवाड्याची तूट ४२ टक्के होती, २०१५ मध्ये ४०. पुढच्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. उलट १९७२ च्या दुष्काळापासून निघा आणि २०२५ ला थांबा, आलेख चढता. दोन्ही आलेख खरे आकडे वापरतात. सभेत कुठला दाखवायचा ते वक्त्याच्या मनावर.

याला उतारा म्हणून आम्ही आठवीच्या मुलांकडून एक खेळ करून घेतला. संख्याशास्त्रात त्याला मान-केंडॉल चाचणी म्हणतात, मुलांना आम्ही नाव सांगितलंच नाही. तीस सालांचा पाऊस चिठ्ठ्यांवर लिहायचा. प्रत्येक सालाची त्यानंतरच्या प्रत्येक सालाशी जोडी लावायची. नंतरचं साल ओलं तर डावीकडच्या डब्यात चिंचोका, कोरडं तर उजवीकडच्या. ३० सालांच्या ४३५ जोड्या होतात. शेवटी दोन्ही डबे मोजायचे. मोठा फरक निघाला तर कल, नाहीतर नुसती वर-खाली उडी. कोलकात्यात शिकलेले प्रणवकुमार सेन यांनी १९६८ मध्ये याच प्रत्येक जोडीत वर्षामागे पाऊस किती बदलला ते काढून त्यांतला मधला आकडा घ्यायची रीत सांगितली. तिचा फायदा असा, की एखाद्या सालचा महापूर सगळा आलेख स्वतःकडे ओढू शकत नाही. अर्धा तास गोंधळ झाला, चिंचोके सांडले, पण 'पहिलं आणि शेवटचं साल बघून कल ठरत नाही' हे मुलांना जितकं पटलं तितकं मोठ्यांना अजून पटायचंय.

मोजमापाचीही गोम आहे. एका महसूल मंडळाचा पर्जन्यमापक मी स्वतः पाहिला, तो इमारतीच्या आडोशाला, वर लिंबाची फांदी. जवळच्या अडथळ्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर मोकळं हवं, हा साधा नियम. तिथं २०० मिलीमीटरचा पाऊस पडला तरी वहीत किती उतरेल देव जाणे. आणि मंडळात ६५ मिलीमीटरची नोंद झाली तरच अतिवृष्टी. ती नोंद एका फांदीमुळे हुकली तर पंचनाम्याच्या रांगेत कोण उभं राहणार? शिवाय जुने हाताने मोजायचे मापक आणि नवी स्वयंचलित केंद्रं यांचे आकडे सलग जोडले की मधल्या बदलाचाच 'कल' दिसायला लागतो. सरासरीही हलती आहे. देशाच्या मोसमी पावसाची सरासरी १९६१ ते २०१० च्या हिशेबानं ८८०.६ मिलीमीटर होती. १९७१ ते २०२० घेतल्यावर ती ८६८.६ झाली. तेवढाच पाऊस पडून टक्केवारी आपोआप थोडी सुधारली.

दोन वेगळे पाऊस

एवढं सगळं करून काकांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याच शेतात सापडलं.

तळ्याला कुठला पाऊस चढवतो? रिमझिम पडला तर उतारावरची झाडं, माती तो पिऊन टाकते. तळ्यात थेंब जेमतेम. जमीन ओली असताना दोन तासांत ८० मिलीमीटर कोसळला, की उतार सरळ आत रिकामे होतात. म्हणजे तळ्याला धो धो कोसळणारा पाऊस मानवतो. एकाच महिन्यात सगळा पाऊस आला तरी त्याची तक्रार नाही, वर्षाची बेरीज पुरेशी.

सोयाबीनला बेरीज नको, हप्ते हवेत. मृगात किंवा आर्द्रात पेरणीपुरता, मग वाफसा, फुलात असताना पाऊस, शेंग भरताना पाऊस, आणि उत्तरा-हस्तात कापणीच्या वेळी उघडीप. मधे २१ दिवसांचा खंड पडला की शेतकरी कॅलेंडर घेऊन बसतो. आणि दिवसात २.५ मिलीमीटर पडला तरच तो 'पावसाचा दिवस', ही हवामान विभागाची व्याख्या. अशा दिवसांची संख्या, खंडांची लांबी आणि मोठ्या सरींचा वाटा या तीन गोष्टी आम्ही वहीत वेगळ्या केल्या, आणि काकांची तक्रार त्यांतच होती. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मध्य भारताबद्दल हेच दाखवलं होतं: १९५१ ते २००० मध्ये अतिजोरदार पावसाच्या घटना वाढल्या, मध्यम पावसाच्या घटल्या, आणि सरासरी मात्र हलली नाही. एक वाढ, एक घट, बेरजेत शून्य.

सप्टेंबर २०२५ चा पाऊस तळ्यानं जमेत धरला आणि काकांनी नुकसानीत. पाऊस तोच.

मी हे त्यांना त्याच फाट्यावर सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे तळं काय खोटं बोलत नाही. पण ते माझ्या रानाचं बोलत नाही."

"हो काका. ते बेरीज बोलतं."

"अन् मागच्या बारीचं बी धरून बोलतंय. उधारी सगट."

मी मान हलवली. एवढं नेमकं मला दोन महिन्यांत सुचलं नव्हतं.

आमच्या वहीत आता रोज सकाळी साडेआठचा पाऊस, खंडाचे दिवस, सर्वांत मोठ्या सरीचा आकडा आणि महिन्याच्या एकादशीला विहिरीत दोर सोडून मोजलेलं पाणी, असे चार रकाने आहेत. काकांच्या आग्रहावरून पाचवा आखला: लोणारला जो कुणी जाईल त्यानं काठावरच्या एका पडक्या देवळाच्या कितव्या पायरीवर पाणी आहे ते बघून यायचं. पहिली नोंद काकांच्या जावयानं फोनवरून सांगितली. रकान्यात लिहिलंय, 'पायरी दिसत नाही.'